सिलिंडरच्या मानेवरचा बर्फ

"घरात काहीतरी आहे" असं सांगणारा माणूस भेटला की मी आधी विचारतो, एसी शेवटचा साफ कधी केला होतात? चेष्टा नाही करत. माझा धंदाच एसी, फ्रिज आणि कोल्ड रूम दुरुस्तीचा आहे, आणि वर्षातून दोन-तीन तरी भुतं मी स्वतःच्या हाताने बाहेर काढतो. भिंतीतून कण्हण्याचा आवाज येतो? आउटडोअर युनिटचा एक स्क्रू ढिला. रिकाम्या खोलीत कुणीतरी टकटक करतं? पंख्यात अडकलेली वाळकी पाल. एका बाईंनी तर मांत्रिकाला बोलावलं होतं... तो आणि मी एकाच वेळी दारात पोहोचलो. माझं काम आधी संपलं.

तेव्हा मंडळी, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण एका सकाळी साडेनऊच्या सुमारास, लख्ख उजेडात, मी एक गोष्ट पाहिली आणि ती माझ्या धंद्याच्या भाषेतच माझ्यापुढे आली. भूत दिसलं असतं तर मी डोळ्यांना दोष दिला असता. मला बर्फ दिसला. आणि बर्फ कधी धरतो, कशाने धरतो, हे मी शिकत होतो.

आधी मी कोण ते सांगतो. मी तंजावूरचा. होय, तमिळनाडूतला. आमचं घराणं मराठी — राजांच्या मागोमाग इकडे आलं आणि परत जायचं राहूनच गेलं. आमच्या घरातली मराठी ऐकून माझी सांगलीची बायको लग्नानंतर सहा महिने तोंडाला पदर लावून हसत होती. देवनागरी वाचायला मला तिनेच शिकवलं. हा मजकूर मी सांगितलाय आणि तिने तो सरळ करून लिहिलाय, त्यामुळे मी आहे त्यापेक्षा जरा सभ्य वाटेन. चालवून घ्या.

गोष्ट आठेक वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेलं, दोन ठिकाणी कारकुनी करून कंटाळलेलो. शेवटी नांजिकोट्टै रोडवरच्या एका खासगी संस्थेत रेफ्रिजरेशन आणि एसी मेकॅनिकच्या एक वर्षाच्या कोर्सला नाव घातलं. घरी सुतक पडल्यासारखं झालं. वडील शाळेत हेडमास्तर होते, काका सरकारी नोकरीत. आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात कुणी हातात पाना धरलेला नव्हता. वडील महिनाभर माझ्याशी फक्त आईमार्फत बोलत.

पण मला ते काम आवडलं. खरंच आवडलं. तांब्याची नळी तापून चेरीसारखी लाल होते, ब्रेझिंगची कांडी टेकवली की धातू पाण्यासारखा सांध्यात ओढला जातो... ते पहिल्यांदा जमलं तेव्हा मला वाटलं, चला, या जगात मला एक काहीतरी येतंय.

आमच्या बॅचमध्ये अकरा जण होते. दहा पुरुष आणि एक तमिळसेल्वी. ओरत्तनाडूजवळच्या गावातली, एकवीस वर्षांची, रोज बस बदलून यायची. वडील नव्हते. मला ती "राव अण्णा" म्हणायची, कारण इथे आम्हां मराठ्यांना सगळेच राव म्हणतात, पाळण्यातलं नाव काहीही असो. सुरुवातीला बाकीचे तिला चिडवायचे की फ्रिज दुरुस्त करायला आलीस की वापरायला. ती उलट बोलत नसे. पण तिसऱ्या महिन्यात तिचे सांधे आमच्या सगळ्यांपेक्षा साफ यायला लागले आणि चिडवणं आपोआप बंद पडलं.

ती मुलगी त्या सकाळी माझ्या हातून मरणार होती. मेली नाही. का मेली नाही, ते मला माहीत नाही; मी फक्त काय दिसलं ते सांगू शकतो.

त्यासाठी धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. फ्रिजचे सांधे जोडून झाले की आत गॅस भरण्याआधी ते गळत नाहीत ना, हे बघतात. आत नायट्रोजन दाबाने भरायचा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडा फुगला की गळती. नायट्रोजन गरीब वायू आहे, कशाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याच्या जागी चुकून ऑक्सिजन भरला तर? कॉम्प्रेसरच्या पोटात तेल असतं. तेल आणि दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की ठिणगीचीसुद्धा गरज लागत नाही. कॉम्प्रेसर फुटतो, त्याचं लोखंडी कवच चिंधड्या होऊन उडतं, आणि त्या वेळी फेस लावणाऱ्या माणसाचं तोंड सांध्यापासून वीतभरावर असतं.

आमचे मास्तर, रत्नवेल सार, हे पहिल्या दिवशीच सांगायचे. साठीला आलेले, किडकिडीत, खिशाला कायम थर्मामीटर लटकवलेला. सिलिंडरच्या रंगांची त्यांनी आमच्याकडून परवचा घोकून घेतली होती. ऑक्सिजन — काळं अंग, पांढरी मान. नायट्रोजन — करडं अंग, काळी मान. दोन्हींचे आटे सारखेच, म्हणून रेग्युलेटर दोन्हींवर बसतो. म्हणून आधी मान बघायची, मानेवर ठोकलेली अक्षरं वाचायची, आणि मगच किल्लीला हात लावायचा. "रंग खोटं बोलेल, ठोकलेलं अक्षर बोलणार नाही," हे त्यांचं वाक्य.

आता आमचा पराक्रम ऐका.

आमच्याकडे नवरात्रात नवमीला आयुधपूजा असते. दसऱ्याला तुम्ही शस्त्रं पुजता, इथे आदल्या दिवशी हत्यारं पुजतात. पाना, स्क्रूड्रायव्हर, बस, रिक्षा, झेरॉक्सचं मशीन, काहीही. त्याआधी सगळं घासायचं, धुवायचं, रंगवायचं. मग गंध-कुंकू, झेंडूच्या माळा, चुरमुरे-डाळं, दाराला केळीचे खुंट आणि शेवटी कोहळा फोडायचा. पूजेनंतर त्या दिवशी हत्याराला कुणी हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, सकाळी थोडं तरी काम करायचंच. त्या दिवशी हात लागलेली विद्या वर्षभर सोडून जात नाही म्हणतात.

आमच्या वर्कशॉपला त्या वर्षी भलताच उत्साह चढला होता. एकाने बाकावरचा लोखंड धरायचा व्हाइस रंगवला, दुसऱ्याने बाकं. मी घरून फाटक रंगवून उरलेला करड्या रंगाचा डबा आणला. कोपऱ्यात भिंतीला साखळीने बांधलेला नायट्रोजनचा सिलिंडर होता. त्याचा रंग उडालेला, म्हणून त्याला मानेसकट एक हात मारला. छान दिसायला लागला. डब्यात रंग उरला. शेजारी दुसरा सिलिंडर होता, इतका गंजलेला आणि काजळलेला की त्याचा मूळ रंग कुठला ते ओळखू येईना. मी त्यालाही पायापासून मानेपर्यंत चोपडला. ठोकलेली अक्षरं रंगाखाली बुजली. तो ब्रेझिंगसाठी जादा आणून ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. परवचा मला तोंडपाठ होती, बरं का. पण डोक्यात पूजा होती.

मग दोघांच्या मानेला गंधाचे जाड पट्टे आणि वर झेंडूच्या घसघशीत माळा. पूजेच्या मांडणीसाठी सगळ्यांनी मिळून सगळं मधे ओढलं, पूजा झाली, पुन्हा सगळं जागेवर नेलं. कुठला सिलिंडर डावीकडे होता आणि कुठला उजवीकडे गेला, कुणी बघितलं नाही. दोघे जुळ्या भावांसारखे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही जमलो. सिमेंटच्या पत्र्यांची लांब शेड, एका टोकाला मोठं फाटक, दुसऱ्या टोकाला सिलिंडर. आमच्याकडचा पाऊस दिवाळीच्या सुमाराचा, तो अजून लागला नव्हता आणि पत्र्याखाली इतक्यातच घामाच्या धारा लागल्या होत्या. सगळ्यांना काही ना काही शुभारंभाचं काम मिळालं. सेल्वीने एका जुन्या डीप फ्रीझरचे सगळे सांधे एकटीने ब्रेझ केले होते, तिचं पहिलं पूर्ण काम. सार म्हणाले, "आज त्याचीच टेस्ट घ्या. सेल्वी साबण लावेल. राव, तू प्रेशर दे. हळू." (बोलणं सगळं तमिळमध्येच होतं, मी मराठीत देतोय.) तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी त्यांना हाक मारली आणि ते तिकडे गेले.

मी रेग्युलेटर बसवला. त्याची रबरी होज फ्रीझरच्या नळीला जोडली. सेल्वी कॉम्प्रेसरसमोर उकिडवी बसली, हातात फेसाची वाटी आणि ब्रश. अगदी पुढे वाकली होती ती. स्वतःचे सांधे ना, एकही बुडबुडा नजरेतून सुटायला नको.

"राव अण्णा, तिसरा सांधा गळला तर कुणाला सांगू नका हं," ती म्हणाली.

"माळ घालून मिरवणूक काढतो तुझी," मी म्हणालो. आणि सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या दांडीवर, स्पिंडलवर, किल्ली बसवून जोर दिला.

किल्ली फिरली नाही.

मला वाटलं, रंग बसलाय आट्यात. पुन्हा जोर दिला. नाही. मग दोन्ही हातांनी, अंगाचं वजन टाकून. तरीही जागची हलेना, आणि तळहाताला चटका बसला. असा की मी ओरडलो. हात काढायला गेलो तर निघेना, किल्लीला चिकटलेला. हिसडा मारून सोडवला तेव्हा थोडी कातडी तिथेच राहिली.

मग मी बघितलं. किल्ली पांढरी झाली होती. आधी वाटलं, कालची विभूती असेल. पण तो पांढरेपणा सरकत होता. किल्लीवरून व्हॉल्व्हवर, व्हॉल्व्हवरून सिलिंडरच्या मानेवर, गंधाच्या पट्ट्यांवरून... मी बघत असताना, डोळ्यांदेखत. फ्रीझरच्या आतल्या नळ्यांवर धरतो तसा दाट, भुसभुशीत बर्फ. मानेशी गोल येऊन तो थांबला. त्याच्या बोटभर खाली सिलिंडर कोरडा आणि पत्र्याच्या उष्णतेने कोमट होता. मी डाव्या हाताने चाचपून पाहिला.

माझं ओरडणं ऐकून सेल्वी उठून आली होती. तिने माळेतल्या एका झेंडूला बोट लावलं. पाकळ्या काचेसारख्या तडकून तिच्या हातावर पडल्या. ती काहीतरी बोलायला गेली आणि थांबली.

"अण्णा... माझ्या तोंडातून धूर येतोय."

खरंच येत होता. श्वासाची वाफ. तंजावूरच्या माणसाला आपला श्वास आयुष्यात कधी दिसत नाही हो! आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा एक नंबरवर. त्या घामट शेडमध्ये, सिलिंडरच्या हातभर जवळ, ती मुलगी स्वतःचा श्वास सोडत होती आणि बघत होती. भीती मला नंतर वाटली. त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगायला शब्द नाही. देवळात गर्भगृहाचा पडदा बाजूला होतो आणि सगळे एकदम गप्प होतात ना, त्यातलं काहीतरी. मी माझी चप्पल काढून बाजूला ठेवली होती. कधी काढली, आठवत नाही.

रत्नवेल सार धावत आले. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "तोडादे!" म्हणजे हात लावू नका. गळती आहे असं त्यांना वाटलं. गॅस जोरात बाहेर पडला की तोंडाशी थंडावा येतो, हे बरोबर. पण फुसफुस नव्हती. सेल्वीच्या वाटीतला फेस त्यांनी व्हॉल्व्हला लावला, तर बुडबुडा येण्याऐवजी फेस गोठला. रेग्युलेटरचे दोन्ही काटे शून्यावर. म्हणजे व्हॉल्व्ह उघडलेलाच नाही. आतून केसभरही वायू बाहेर आलेला नाही. त्यांनी खिशाचा थर्मामीटर काढून टोक बर्फात खुपसलं. आकडा उतरत गेला आणि उणे अकरावर थांबला. तीस वर्षं गारवा तयार करणारा माणूस, पण हा गारवा कुठून येतोय हे त्यांना कळेना.

बर्फाखाली व्हॉल्व्हला चीर गेलीय का बघायला त्यांनी स्क्रूड्रायव्हरने मान खरवडली. बर्फाबरोबर माझा करडा रंग पापुद्र्याने निघाला. खाली पांढरा. त्यांनी आणखी खरवडलं. ठोकलेली अक्षरं निघाली, आणि सारांनी ती मोठ्याने वाचली. ऑक्सिजन.

मग त्यांनी होज कुठे गेलीय ते नजरेने बघत बघत फ्रीझरपर्यंत पाहिलं. कॉम्प्रेसरसमोर जमिनीवर सेल्वीचा ब्रश पडला होता, ती बसली होती नेमक्या त्या जागी. सारांनी स्वतः जाऊन होज सोडवली आणि मग आम्हाला सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं, इतक्या हळू आवाजात की दोघांना ऐकूच गेलं नाही.

होज सुटली आणि बर्फ उतरायला लागला. पाणी टपटपत सिलिंडरच्या पायाशी थारोळं झालं. पाच-सात मिनिटांत किल्ली कोरडी.

नंतर सारांनी तो सिलिंडर आवारात मोकळ्यावर नेला. पूजेतली एक उदबत्ती पेटवली, फुंकर मारून नुसता निखारा ठेवला. आम्हाला लांब उभं केलं, रेग्युलेटर काढला आणि तीच किल्ली लावली. ती दोन बोटांनी फिरली. पुन्हा सांगतो, दोन बोटांनी. ज्या किल्लीवर मी अंगाचं वजन टाकलं होतं ती! एक बारीक फुस्स झालं आणि उदबत्तीचं टोक भस्सकन पेटून उजळ ज्योत उभी राहिली. शंकेला जागा उरली नाही. सारांनी व्हॉल्व्ह बंद केला आणि उदबत्ती मातीत खुपसली.

मग ते आमच्याकडे वळले. "हा कुणी रंगवला?"

बाकीच्यांना आठवतच नसावं; त्या दिवशी अकराही जणांच्या हातात ब्रश होते. मला आठवत होतं. माझ्या जिभेवर आलं होतं, आणि मी गिळलं. घरी काय सांगू, हा पहिला विचार. कोर्समधून काढतील, हा दुसरा. सेल्वीचा विचार तिसरा आला, हे कबूल करतो. शेवटी सारच म्हणाले, "काल मी इथेच उभा होतो. मी बघायला हवं होतं. चूक माझी." आणि त्यांनी आम्हाला घरी पाठवलं.

हाताला पट्टी बांधून मी घरी गेलो. ब्रेझिंगचा चटका बसला म्हणून सांगितलं. आईने पट्टी सोडून पाहिली.

"चटका लागला तर लाल होतें रे. हें पांढरें कां?"

"तसेंच असतें, अम्मा."

"मला नको शिकवू. चूल काय कालपासून पेटवतें का मी?"

डॉक्टरनेही तेच विचारलं. म्हणाला, ही गारठ्याने भाजल्याची जखम आहे, ड्राय आइस हाताळलात का? मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?

रत्नवेल सारांनी मात्र पिच्छा सोडला नाही. शेडमध्ये गळणारा दुसरा कुठला सिलिंडर होता का? नव्हता, फ्रिजमध्ये भरायच्या गॅसचे सगळे सिलिंडर फाटकाशी कपाटात, कुलपात. हा सिलिंडर नंतर डीलरकडे वजन करून आणला, भरलेलाच निघाला. एका कॉलेजातल्या प्राध्यापकांना विचारलं, त्यांनी वायू पसरताना थंड होतो वगैरे समजावलं. सार म्हणाले, अहो, पण पसरलाच नाही ना! प्राध्यापक म्हणाले, मग तुमची पाहण्यात चूक झाली असेल. सारांनी थर्मामीटर टेबलावर ठेवला आणि चहा न घेता उठून आले. पुढे ते निवृत्त झाले. भेटलो की आजही तो विषय काढतात.

मी कोर्स पुरा केला. धंदा लागला, चांगला चालला. वडील हल्ली शेजाऱ्यांचे फ्रिज माझ्याकडे स्वतःहून पाठवतात. पण विजयादशमी आली की माझं अन्न गोड लागत नसे. बर्फ आठवायचा, आणि त्यापाठोपाठ सारांचं "चूक माझी". सारांना मी तीन वर्षांनी खरं सांगितलं. ते म्हणाले, "सांगितलंस ना, झालं." सेल्वीला सांगायचं धाडस झालं नाही. तिने ओरत्तनाडूत स्वतःचं दुकान टाकलं. लग्न झालं, मुलगी झाली. मोठं काम आलं की ती मला बोलावते, मी तिला. प्रत्येक वेळी तिच्या समोर बसून चहा प्यायचो आणि न सांगताच उठायचो.

मागच्या महिन्यात तिच्या दुकानात एका चिलरचं काम दोघं मिळून करत होतो. तिची मुलगी शाळेतून आली, पाठीमागून तिच्या गळ्यात पडली आणि खाऊ घेऊन पळाली. मला एकदम राहवेना. मी म्हणून टाकलं, "सेल्वी, तो सिलिंडर मी रंगवला होता."

तिचा पाना थांबला नाही. "माहीत आहे."

"सारांनी सांगितलं?"

"नाही. सार विचारत होते तेव्हा तुम्ही हात पाठीमागे घेतलेत. मी मागेच उभी होते, अण्णा. नखांत करडा रंग होता."

आठ वर्षं! मी विचारलं की इतकी वर्षं एका शब्दाने का बोलली नाहीस. तिने नट घट्ट केला, हात पुसले आणि माझ्याकडे वळून बसली.

"तुम्ही सारखे म्हणता, बर्फ सेल्वीला वाचवायला आला. मी पण आधी तसंच समजत होते. मग मुलगी झाली, तेव्हा एकदा बसून विचार केला. मलाच वाचवायचं असतं तर मला चक्कर आली असती, ब्रश हातातून पडला असता, मी उठून गेले असते. कॉम्प्रेसर माझ्याजवळ होता, बर्फ तिथे आला नाही. तुमचा हात धरला, अण्णा. ज्याने तुमचा हात धरला, त्याला तुमच्या हातून हे होऊ द्यायचं नव्हतं. त्याने तुम्हाला सोडलं, मग मी कशाला धरून ठेवू?"

आतून मुलीने हाक मारली आणि ती उठून गेली.

तर मंडळी, तो बर्फ कुठून आला, मला माहीत नाही. उणे अकरा, कोरडी किल्ली, शून्यावरचे काटे, सगळं तुमच्यापुढे ठेवलंय. तुमच्यापैकी कुणी या क्षेत्रातलं असेल आणि काही सुचलं तर जरूर लिहा, मी मोकळ्या मनाने वाचेन. सारांच्या आणि माझ्या अकलेला ते आजवर झेपलेलं नाही. त्या दिवशी मी चिलरचं काम अर्धवट टाकून निघालो. ओरत्तनाडू ते तंजावूर सगळा रस्ता रडत गाडी चालवली, आणि घरी पोहोचल्यावर बायकोला म्हटलं, लिहायला बस, मी सांगतो.